बर्फ नाही, पण चाकं आहेत ना!

जळगाव-धुळ्याच्या पंचेचाळीस अंशांत स्पीड स्केटिंगचं करिअर कसलं, तो प्रमाणपत्रापुरता छंद, असं बरेच जण म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. बर्फ नाही, हे खरं. पण अमेरिकेची स्पीड स्केटर एरिन जॅक्सन बघा. ती फ्लोरिडातल्या ओकालाची, म्हणजे उन्हाळी मुलखातलीच, आणि घडली चाकांवर. बर्फावरचा सराव जेमतेम चार महिन्यांचा असताना ती २०१८ च्या हिवाळी ऑलिंपिकला पात्र ठरली, आणि २०२२ ला बीजिंगमध्ये ५०० मीटरचं सुवर्ण! चॅड हेड्रिक, बार्ट स्विंग्स हे स्पीड स्केटरही इनलाइनमधूनच, म्हणजे एका रांगेतल्या चाकांच्या स्केट्सवरूनच, बर्फावर गेलेले. आणि बर्फाचं सोडा, आपल्या आनंदकुमार वेलकुमारने २०२५ मध्ये चाकांवरच १००० मीटरचं जागतिक सुवर्ण आणलं.

अडचण आहे ती ट्रॅकची. माझी पुतणी जळगावात कॉलनीच्या रस्त्यावर पहाटेच सराव उरकते, ऊन चढायच्या आत. काळ्या मातीची धूळ बेअरिंगमध्ये इतकी बसते की चाक हाताने फिरवलं तरी करकरतं. मग दादा एकेक बेअरिंग काढून पेट्रोलमध्ये धुतो, फडक्यावर वाळवतो, तेलाचा थेंब सोडतो. पोरीला सरळ रस्त्यावर वेग छान येतो, पण वळणावर उजवा पाय डाव्यावरून टाकत वेग टिकवणं रस्त्यावर घोटून होत नाही, आणि शर्यत फिरते ती तिथेच. म्हणून महागडे बूट घेण्याआधी सुट्टीत पुण्याला राहून ट्रॅकवर सराव करता येईल का, ते आधी बघा.