विषय : आफ्रिकाना स्टडीज मेजरच्या अटी

सप्रेम नमस्कार,
अमेरिकेत शिकणारी आमची कन्या दुसऱ्या वर्षाअखेर आफ्रिकाना स्टडीज (आफ्रिका आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांचा अभ्यास) हा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, जाहीर करणार आहे. त्यासाठी नेमके काय पूर्ण करावे लागते आणि अर्थशास्त्राचा दुसरा मेजर त्यासोबत झेपेल काय, हे अनुभवी पालकांनी कळवावे, ही विनंती.

सप्रेम नमस्कार,
आमची धाकटी याच विषयाची पदवीधर असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. पुष्कळ विद्यापीठांत या मेजरसाठी दहा ते बारा कोर्स लागतात. पदवीच्या 120 क्रेडिटपैकी (एका कोर्सचे साधारण तीन) 30 ते 36 एवढाच आकडा पाहून दुसरा मेजर सहज बसेल असे वाटते, पण खरी कसोटी विभागणीची असते. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात 1969 साली या विषयाचे केंद्र सुरू झाले, तेव्हा त्याचे पहिले संचालक जेम्स टर्नर यांनी ‘आफ्रिकाना’ हा शब्द आफ्रिका, कॅरिबियन आणि अमेरिका यांचा एकत्रित अभ्यास व्हावा म्हणून योजला. त्यामुळे सगळे कोर्स अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीवर घेऊन सहसा भागत नाही; साहित्य-कला आणि इतिहास-समाजशास्त्र या दोन्ही बाजूही सांभाळाव्या लागतात. काही ठिकाणी स्वाहिली किंवा योरुबा या आफ्रिकी भाषा शिकण्याची सोय असते.

सर्वांत जपावे ते संशोधनपद्धतीच्या कोर्सला. आमच्या मुलीच्या विद्यापीठात तो फक्त फॉल (ऑगस्ट ते डिसेंबर) सत्रात असे आणि तो झाल्याशिवाय शेवटच्या वर्षाच्या सेमिनारला प्रवेश नसे. मुलीने नेमके त्याच सत्रात शिकायला घानाला जायचे ठरवले होते. फ्रिजवर लावलेला तक्ता खोडून घाना स्प्रिंगमध्ये (जानेवारी ते मेच्या सत्रात) ढकलावे लागले. एकच कोर्स दोन्ही मेजरना मोजण्यावरही बहुधा मर्यादा असते.

प्रबंधिकेसाठी तिने महात्मा फुल्यांनी 1873 मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील गुलामगिरीविरोधी लोकांना अर्पण केली, तो धागा डॉ. आंबेडकरांनी 1946 मध्ये कृष्णवर्णीय अमेरिकी विचारवंत ड्यू बॉइस यांना लिहिलेल्या पत्रापर्यंत नेला. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक धोंडीबा व जोतीराव यांच्या संवादरूपात असल्याने ती धोंडीबा व मी जोतीराव होऊन आम्ही ते मोठ्याने वाचले. घरात मराठीचा आग्रह धरल्याबद्दल तिने माझे आभार मानले, ते त्या आठवड्यात प्रथमच.

मेजर जाहीर करण्यापूर्वी पुढील दोन वर्षांत कोणता कोर्स कोणत्या सत्रात आहे, याची यादी विभागाकडून मागून घ्यावी.

सप्रेम नमस्कार,
मनःपूर्वक आभार. यादी आजच मागवली. संशोधनपद्धती आणि अर्थशास्त्राच्या मेजरमधील अर्थमिती (इकॉनोमेट्रिक्स) दोन्ही फॉलमध्ये, मंगळवारी सकाळी दहालाच आहेत. तेव्हा अर्थमिती चौथ्या वर्षावर ढकलत आहोत.