चाळीस हजारांत घरातला एकच संगणक : लॅपटॉप घ्यावा की मेजावरचा?

साखळीकर :

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित आधार (कंपनीकडून येणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या) संपला आणि दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेला संगणक ज्या घरांत अजून नीट चालत होता, तिथेही नव्या खरेदीचा विषय निघाला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे जवळपास सगळे प्रोसेसर त्याच्या यादीत नाहीत, त्यामुळे विंडोजऐवजी लिनक्स वापरण्याची तयारी नसेल तर जुन्या यंत्रावर भागवणे कठीण आहे. माझे मत असे की, खर्चाची मर्यादा चाळीस हजार असेल आणि घरात एकच संगणक राहणार असेल, तर तो लॅपटॉपच असावा.

पहिले कारण पाऊस. जून लागला की आमच्या बाजूला तारांवर फांदी पडते आणि लाइट कधी येईल याचा नेम राहत नाही. मेजावरच्या संगणकाला ६०० व्हीएचा साधा यूपीएस जोडला, तरी तो काम जतन करून यंत्र बंद करण्यापुरती दहा-पंधरा मिनिटे देतो, आणि त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांत बदलावी लागते. लॅपटॉपवर मुलाचा प्रकल्प नुसता वाचत नाही, तो पुरा करूनच मूल उठू शकते. दुसरे कारण असे की, घरातला एकच संगणक सर्वांचा असतो आणि सर्वांची बसण्याची जागा एक नसते. २०२० साली शाळा ऑनलाइन झाल्या तेव्हा गोव्यातल्या सत्तरी-सांग्यातली मुले रेंजसाठी डोंगरावर जाऊन बसत होती. मेजाला बांधलेला संगणक त्यांच्या काय कामाचा होता?

निवडताना मात्र दुकानातल्या फलकावरचे ठळक आकडे बाजूला ठेवावेत. रायझन ३ ७३२०यू हे प्रोसेसरचे नाव नवे वाटते, पण एएमडीने २०२३ च्या यंत्रांपासून आणलेल्या क्रमांकपद्धतीत तिसरा अंक अंतर्गत रचना सांगतो, आणि इथला २ म्हणजे २०१९ सालची झेन २ रचना. शिवाय या प्रोसेसरबरोबरची रॅम (कामाची मेमरी) मदरबोर्डवरच, म्हणजे यंत्राच्या मुख्य पाटीवरच, सोल्डर केलेली असते. आठ जीबी घेतली की यंत्राच्या अखेरपर्यंत आठच. त्यापेक्षा इंटेलचा आय३-१२१५यू किंवा एएमडीचा रायझन ५ ५६२५यू प्रोसेसर असलेले आणि रॅमचा एक स्लॉट मोकळा असलेले यंत्र बजेटमध्ये बसत असेल, तर दिसायला साधे असले तरी तेच घ्यावे. पडदा आयपीएस (बाजूने पाहिले तरी नीट दिसणारा) आहे का ते विचारावे. दुकानात झाकण स्वतः उघडून बिजागरी पाहावी, कारण स्वस्त यंत्रांत बिजागरीचे धातूचे पान प्लास्टिकमध्ये रुतवलेल्या लहान पितळी नटांवर आवळलेले असते. बिजागरी घट्ट झाली की रोजच्या उघडझापीत ते नट प्लास्टिक फोडून बाहेर येतात आणि पडद्याची कड फाकते. प्रोसेसर उत्तम असूनही असे यंत्र वापरातून जाते.

अंत्रूजकर :

साखळीकरबाब, विजेचा मुद्दा खरा आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. मुख्य संगणक म्हणजे ज्याच्यापुढे घरातले कोणी ना कोणी रोज तीन-चार तास बसणार आहे असे यंत्र. लॅपटॉपचा पडदा आणि कळफलक एकमेकांना जोडलेले असतात. हात योग्य उंचीवर ठेवले तर मान खाली जाते आणि पडदा उचलला तर हात वर जातात. वाढत्या वयाच्या मुलाला पंधरा इंची पडद्यावर वाकवून बसवणे ही मला काटकसर वाटत नाही.

माझा पर्याय मिनी पीसीचा, म्हणजे मॉनिटरला जोडायच्या लहान डब्याएवढ्या संगणकाचा आहे. त्याच्या आत लॅपटॉपच्याच जातीचा कमी वीज खाणारा प्रोसेसर असतो. इंटेलचा एन१०० तर सहा वॅटचा आहे आणि कार्यालयीन काम, शाळेचा अभ्यास, बँकेचे व्यवहार एवढ्यासाठी तो पुरतो. बावीस इंची आयपीएस मॉनिटर, कळफलक आणि माऊस धरूनही चाळीस हजारांच्या आत काम होते, आणि मॉनिटर पुढचे दोन संगणक येऊन गेले तरी तसाच राहतो. कळफलकावर चहा सांडला तर कळफलक बदलता येतो. लॅपटॉपवर सांडला तर बहुधा मदरबोर्डच जातो. ज्या घरात दिवे-पंख्यांसाठी इन्व्हर्टर आहे तिथे मॉनिटरसह हे सगळे त्यावर सहज चालते. आणखी एक गोष्ट आपण लिहिली नाही : घरातला एकुलता लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच लावलेला असतो, आणि तशा वापरात आपल्याकडच्या उन्हाळ्यात बॅटरी फुगण्याचा धोका वाढतो. ज्या बॅटरीच्या भरवशावर आपण यंत्र घेतो, तीच आधी जाते.

काणकोणची वाचक :

अंत्रूजकर, आपण इन्व्हर्टर गृहीत धरला आहे. ज्यांच्याकडे तो नाही त्यांनी इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्यायची म्हटली, तर या बजेटचा मोठा हिस्सा तिथेच जातो. तेव्हा तुलना करायची तर ती रक्कमही मिनी पीसीच्या बाजूला मांडा.

माझा मुद्दा वेगळा आहे आणि तो आपणा दोघांनाही लागू पडतो. आम्ही समुद्राजवळ राहतो. खारी दमट हवा यंत्राच्या उघड्या धातूवर बसते. फार दिवस न वापरलेल्या यूएसबी किंवा एचडीएमआयच्या तोंडाशी बॅटरीच्या टॉर्चने पाहिले, तर कडेला हिरवट बुरशीसारखा थर दिसतो आणि मग वायर हलवली की चित्र जाते-येते. रोज वापरातले यंत्र स्वतःच्या उष्णतेने कोरडे राहते, म्हणून पावसाळाभर कपाटात बंद करून ठेवणे हाच सर्वांत वाईट उपाय आहे. आणि बिघडल्यावर काय? करमल घाट ओलांडून मडगावला यंत्र पोचवायचे, ते पुढे दुसऱ्या राज्यात जाणार, आणि परत केव्हा येणार ते कुणी सांगत नाही. एका दुकानाने आम्हाला असेच ताटकळत ठेवले होते. त्यामुळे घरी येऊन दुरुस्ती करणारी वॉरंटी आपल्या पिन कोडला लागू आहे की नाही, हे पैसे देण्याआधी लेखी घ्यावे. प्रोसेसरची चर्चा त्यानंतर.

बार्देसवासी :

नवेच घ्यायचे हे सर्वांनी कसे काय ठरवले? कंपन्यांनी वापरून बाहेर काढलेली व्यावसायिक यंत्रे वीस-पंचवीस हजारांच्या आसपास मिळतात. लेनोवोचा थिंकपॅड टी४८० घ्या : २०१८ चे यंत्र, बहुतेकांत आठव्या पिढीचा प्रोसेसर असल्याने विंडोज ११ चालते, रॅमचे दोन स्लॉट आहेत, आणि एक बॅटरी आत व एक बाहेर असल्यामुळे चालू अवस्थेतही बाहेरची बदलता येते. वीज जाणाऱ्या गावाला याहून सोयीचे काय असेल? डेलच्या लॅटिट्यूड ५४०० मध्येही रॅम वाढवता येते. बिजागरीची जी चिंता साखळीकरांनी मांडली, ती या वर्गातल्या यंत्रांत फारशी येत नाही. उरलेल्या पैशांत अंत्रूजकरांचा मॉनिटर घ्यावा म्हणजे मानेचाही प्रश्न मिटला.

साखळीकर :

बार्देसवासींचा पर्याय जाणकार हाताला शोभतो. ज्या घरात स्क्रूड्रायव्हर धरणारे कोणी नाही, तिथे मी तो सुचवणार नाही. आठवी पिढी ही विंडोज ११ च्या यादीची खालची पायरी आहे, म्हणजे पुढच्या आवृत्तीत सर्वांत आधी तीच गळण्याची शक्यता आहे. त्यातल्या अनेक यंत्रांना १३६६ × ७६८ चा जुना पडदा असतो, आणि बॅटरी किती झिजली आहे हे विक्रेता आपणहून सांगत नाही. तरीही घेणारच असाल, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये (आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत) पॉवरसीएफजी या आज्ञेने बॅटरी-अहवाल काढून मूळ क्षमता आणि आजची क्षमता दुकानातच ताडून पाहावी.

अंत्रूजकर, बॅटरी फुगण्याची भीती अनाठायी नाही, परंतु बहुतेक नामांकित कंपन्यांच्या यंत्रांत चार्ज ऐंशी टक्क्यांवर थांबवण्याची सोय असते. ती पहिल्याच दिवशी चालू करावी. बसण्याबाबतचे आपले म्हणणे मात्र मी पूर्ण स्वीकारतो. लॅपटॉपला वेगळा कळफलक-माऊस हजारभर रुपयांत मिळतो आणि मॉनिटर पुढच्या चवथीला (गणेशचतुर्थीला) घेता येतो. मिनी पीसी घेतल्यावर मात्र नंतर त्याला फिरता करता येत नाही.

अंत्रूजकर :

माझा आक्षेप नेमका या क्रमालाच आहे. “मॉनिटर पुढे घेऊ” असे म्हणणाऱ्या घरांत तो बहुधा येतच नाही. मूल मात्र तोवर तीन वर्षे वाकून बसते. म्हणून लॅपटॉपच घ्यायचा असेल, तर तो बत्तीस हजारांचा घ्यावा आणि मॉनिटर त्याच दिवशी घरी आणावा. सोळा जीबीऐवजी आठ जीबी रॅम आणि मोकळा स्लॉट चालेल, जरी २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव चढल्यामुळे पुढे ती वाढवणे पूर्वीइतके स्वस्त राहिलेले नाही. विजेच्या बिलाचा मुद्दा कोणी काढण्याआधीच सांगतो : शंभर वॅटचा जुना डेस्कटॉप रोज पाच तास चालला तर महिन्याला पंधरा युनिट, तीस वॅटचा लॅपटॉप साडेचार. आपल्याकडच्या घरगुती दराने हा फरक शंभर रुपयांच्याही बराच खाली राहतो, तेव्हा त्यासाठी कोणी निर्णय फिरवू नये.

काणकोणची वाचक :

बत्तीस अधिक आठ, ही मांडणी मला पटते. फक्त त्या बत्तीस हजारांत घरपोच दुरुस्तीची वाढीव वॉरंटी धरली आहे का, ते अंत्रूजकरांनी सांगावे. नसेल, तर आमच्या तालुक्यासाठी लॅपटॉप तीस हजारांचाच धरावा लागेल.