घोडीच्या अंगाला पावसाळी खाज : वरून लावायला काय आणि किती? (मदत हवी आहे)

माळावरची_पागा

काठेवाडी घोडी, वय ९. ठिकाण कर्जत तालुका, मागच्या बाजूला भातखाचरं. जून लागल्यापासून खाज सुरू आहे, गेल्या दोन पावसाळ्यांतही होती. दिवाळीनंतर आपोआप बसते.

शेपटाचं मूळ खांबाला घासून घासून केस तुटलेत, न्हाणीतल्या ब्रशसारखे उभे राहिलेत. आयाळ मधूनच गेलीय, तिथली कातडी जाड आणि सुरकुतलेली. पोटाखाली मधल्या रेषेवर बारीक खपल्या. शिवाय या वर्षी पाठीवर आणि पुठ्ठ्यावर वेगळ्याच खपल्या आल्यात, तिथे ती घासत नाही पण खरारा लावला की अंग चोरते.

सध्या रोज संध्याकाळी कडुनिंबाचं तेल आणि खोबरेल निम्मं-निम्मं करून सगळ्या अंगाला चोळतो. पावसात वरून ताडपत्रीची झूल असते. फरक नाही.

शेजारच्या गोठ्यातून गोचिडांवरचं औषध मिळालंय, बाटलीवर ॲमिट्राझ १२.५ टक्के लिहिलंय. गाईम्हशींना मारतात त्याच मापाने उद्या सकाळी फवारायचा विचार आहे. चालेल ना?

---

खरारा

नाही. ती बाटली आत्ताच परत द्या.

ॲमिट्राझ गुरांना चालतं, कुत्र्यांना चालतं, घोड्याला चालत नाही. कातडीतून रक्तात उतरलं की घोड्याच्या आतड्याची हालचाल मंदावते, मोठ्या आतड्यात लीद कोरडी होऊन अडकते आणि पोटशूळ उठतो. घोडी सुस्त होते, मान टाकते, लीद थांबते. घासून कातडी सोललेली असेल तर ते आणखी वेगाने आत जातं. तुमच्या घोडीची सोललेलीच आहे. कुणी आधीच फवारलं असेल तर भरपूर पाण्याने आणि साध्या साबणाने धुवा, लीद मोजत राहा आणि डॉक्टरांना औषधाचं नाव सांगून बोलवा.

याच माळेतल्या आणखी दोन गोष्टी: गॅरेजमधलं जळकं ऑइल आणि रॉकेल. दोन्हींनी किडे मरतात हे खरं, कातडीही मरते.

---

पुठ्ठा_ते_पोळी

फवारायच्या आधी एक बघा. फक्त शेपूटच घासत असती तर मी आतड्यातल्या, शेपटाखाली खाज आणणाऱ्या जंतांवर पैज लावली असती. सकाळी धुण्याच्या आधी पारदर्शक चिकटपट्टी शेपटाखाली गुदद्वाराच्या कातडीवर दाबा, काचेवर चिकटवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. त्या जंताची मादी बाहेर येऊन चिकट अंडी घालते, त्याचीच खाज असते. लीद तपासून ती अंडी बहुतेक वेळा सापडत नाहीत, म्हणून पट्टी. दोन-तीन दिवस लागोपाठ करा.

आणि आयाळीचे केस फाकवून उन्हात बघा, उवा नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

---

डॉ_घोडेगाठ

वर्णन नीट दिलंय, म्हणून बरंचसं इथेच सांगता येतं. मला यात दोन वेगळे आजार दिसतात, आणि तुमचं तेल एकाला थोडं उपयोगी तर दुसऱ्याला खतपाणी आहे. फरक दिसत नाही तो त्यामुळे.

पहिला: आयाळ, शेपटाचं मूळ, पोटाची मधली रेषा. पावसाळ्यात सुरू, थंडीत बंद, दरवर्षी तेच. ही चावऱ्या चिलटांची ॲलर्जी. क्युलिकॉइडिस नावाची ही चिलटं जेमतेम १ ते ३ मिलिमीटरची असतात, चिखलात आणि ओल्या शेणात वाढतात. भातखाचरं म्हणजे त्यांचं माहेर. त्यांच्या लाळेला घोड्याचं अंग वावगं प्रत्युत्तर देतं आणि थोडे चावेही पुरतात. म्हणून ‘शेजारच्या घोड्याला काही होत नाही’ हा पुरावा धरू नका, त्यालाही चावतात, त्याला ॲलर्जी नाही एवढंच. (आइसलँडहून युरोपात नेलेल्या घोड्यांत हा आजार फार, कारण जन्मभूमीत त्यांची या चिलटांशी गाठच पडलेली नसते.) ही प्रवृत्ती पुढच्या पिढीत उतरते, घोडी भरवायचा विचार असेल तर ध्यानात ठेवा.

दुसरा: पाठ आणि पुठ्ठा. खाज कमी, दुखणं जास्त, ताडपत्रीखाली. एक खपली बोटांनी हलवून बघा. केसांचा झुपका खपलीसकट रंगाच्या कुंचल्यासारखा निघाला आणि खाली ओलसर गुलाबी कातडी दिसली, तर तो डर्माटोफिलस या जिवाणूचा पावसाळी संसर्ग. त्याला ओल आणि नाजूक झालेली कातडी लागते. ताडपत्री पाऊस अडवते पण घामही अडवते, आणि वर तेलाचा थर म्हणजे ओल आत कोंडून झाकण लावल्यासारखं.

म्हणून आजपासून पाठीवर तेल बंद, ताडपत्री बंद. मग असं करा:

४ टक्के क्लोरहेक्सिडिन स्क्रब मेडिकलमध्ये मिळतो, शस्त्रक्रियेआधी हात धुण्याचा. त्यात तितकंच पाणी घाला, म्हणजे २ टक्के झाला. पाठ आणि पुठ्ठ्याला असं पातळ केलेलं २०० मिलिलिटर पुरतं. आधी साध्या पाण्याने भिजवा, मग फेस चोळा आणि घड्याळ लावून १० मिनिटं ठेवा. इथेच बहुतेकांचं फसतं: दोन मिनिटांत धुऊन टाकतात आणि औषध लागू पडत नाही म्हणतात. दहा मिनिटांनी खपल्या मऊ होतात. सहज सुटतील त्या काढा, धरून बसलेल्या ओढू नका, घोडी लाथ मारेल आणि जखमही होईल. काढलेल्या खपल्या गोळा करून जाळा, त्यात जिवाणू टिकून राहतात. शेवटी फेस पूर्ण निघेपर्यंत धुवा, उरलेल्या साबणाचीच नवी खाज सुटते. पाणी निपटून टॉवेलने टिपा आणि पंख्याखाली उभी करा. पहिला आठवडा रोज, मग खपल्या थांबेपर्यंत आठवड्यातून दोनदा.

हे डोळ्यांच्या आसपास अजिबात नको, बुबुळाला इजा होते. तोंडावर खपल्या असतील तर फक्त ओल्या फडक्याने पुसा.

पाच-सहा दिवसांत खपल्या थांबल्या नाहीत, पाय सुजले किंवा ताप आला तर पोटातून प्रतिजैविक लागतं. ते तपासूनच.

---

माळावरची_पागा

ॲमिट्राझ परत केलं. आभार.

खपली काढून पाहिली: अगदी कुंचल्यासारखीच निघाली, खाली ओलं. चिकटपट्टीत तीनही दिवस अंडी नाहीत, उवाही नाहीत. मग आता आयाळ आणि शेपटाला काय लावू? तेल तिथे चालू ठेवू का? बेंझिल बेंझोएट सुचवलंय एकाने.

---

डॉ_घोडेगाठ

चालू ठेवा, पण निम्मं-निम्मं नको. कडुनिंबाचं तेल एवढं तीव्र लावलं तर कातडी भाजल्यासारखी होते. एक भाग कडुनिंब, दहा भाग खोबरेल. याचं खरं काम चिलटाला केसांतून कातडीपर्यंत पोचू न देणं. ॲलर्जी यानं बरी होत नाही. रात्री लावा, सकाळी पुसा. तेल लावून दिवसा उन्हात सोडलं तर कातडी तापते, आणि जिनाखाली तेल-धूळ-घाम यांचा लगदा होऊन नव्या जखमा होतात.

बेंझिल बेंझोएट २५ टक्के लोशन, माणसांच्या खरजेचं, चालतं. पण सोललेल्या कातडीवर नाही, भयंकर झोंबतं आणि घोडी पुढच्या वेळी हात लावू देत नाही. आधी जखमा भरू द्या. लावताना लोशन आणि पाणी समसमान. ते मुळात इमल्शन असतं, त्यामुळे पाण्यात नीट मिसळतं, खोबरेलात घातलंत तर फुटतं आणि एका जागी तीव्र, एका जागी काहीच नाही असं होतं. केस फाकवून कातडीपर्यंत चोळा, वरवर पुसलेलं वाया जातं. आधी मानेवर तळहाताएवढ्या जागी लावून ४८ तास थांबा. सूज, गांधी आल्या तर सोडून द्या.

सोललेल्या जागांवर सध्या: सलाइनने किंवा उकळून गार केलेल्या पाण्याने (लिटरला सपाट दोन छोटे चमचे मीठ) धुवा, टिपा, सिल्व्हर सल्फाडायझिनचं १ टक्का मलम पातळ लावा. दोन आठवड्यांत जखम भरण्याऐवजी वाढली आणि आत तांदळाच्या कणीसारखे पिवळे कण दिसले तर ती बरसाती: माश्या जखमेवर जंतांच्या अळ्या सोडतात. त्याला मलम पुरत नाही, जंतांचं औषध पोटातून द्यावं लागतं.

---

कोरफड_प्रेमी

खाज तात्पुरती शमवायला ओट्सचं पाणी फार छान. साधे ओट्स, चव-मीठ घातलेले नकोत. मिक्सरमध्ये मैद्यासारखं दळा. पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून पाणी दुधासारखं झालं तर दळण बरोबर, तळाशी बसलं तर पुन्हा दळा. २०० ग्रॅम पीठ, १० लिटर गार पाणी. खाजऱ्या जागांवर ओतत राहा, दहा मिनिटं राहू द्या, नुसतं निपटा, धुऊ नका. कोमट पाणी अंगाला बरं वाटतं म्हणून वापराल तर खाज वाढेल.

कोरफड लावायची तर पान कापून उभं ठेवा, पिवळा चीक गळू द्या, मगच आतला गर. तो चीक झोंबतो आणि चाटला तर जुलाब होतात.

---

खरारा

ओट्स ठीक, पण पाठीवर नको हो! तिथे ओल नकोय आपल्याला. फक्त आयाळ-शेपूट.

आणि मेडिकलवाला ‘सगळ्यावर चालतं’ म्हणून जे तीन औषधांचं मलम देतो, स्टिरॉइड अधिक बुरशीनाशक अधिक प्रतिजैविक, ते घेऊ नका. खाज दोन दिवसांत थांबते आणि खाली गजकर्ण असेल तर ते निवांत पसरतं. गोल चट्टा, कडेला खवले, तंगाच्या किंवा जिनाच्या जागी असेल तर आधी केस उपटून तपासायला द्या. गजकर्ण माणसालाही होतं, त्यामुळे तोवर मुलांना बसवू नका. खरारा, झूल, तंग प्रत्येक घोड्याचं वेगळं.

---

डॉ_घोडेगाठ

बरोबर. स्टिरॉइडचं इंजेक्शनही परस्पर नको, घोड्याच्या खुरात दाह उठण्याचा धोका असतो. जंतांचंही तसंच: गुरांचं आयव्हरमेक्टिन इंजेक्शन घोड्याला टोचू नका, तोंडातून द्यायची पेस्ट वापरा. मात्रा किलोला ०.२ मिलिग्रॅम. वजन असं काढा: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये, त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १६० आणि लांबी १५५ असेल तर ३३४ किलो, म्हणजे ६७ मिलिग्रॅम.

---

पुठ्ठा_ते_पोळी

सगळे बाटल्यांवर बोलताय, म्हणून मी पंख्यावर बोलतो. चिलटं फार अशक्त उडतात, जरा वारा असला की टेकता येत नाही. तबेल्यात भिंतीवर मोठा पंखा, आठ फूट उंचीवर, वायर पाइपात, झोत थेट अंगावर. सूर्यास्ताच्या तासभर आधीपासून अंधार पडून तास-दोन तास होईपर्यंत, आणि पहाटे पुन्हा. या वेळांत घोडी बाहेर नकोच. दुपारी चरायला सोडा.

लीद रोज उचला आणि उकिरडा तबेल्यापासून जितका लांब नेता येईल तितका न्या. पाण्याच्या टाकीभोवतीचा चिखल मुरूम टाकून बुजवा.

झूल हवी तर बारीक जाळीची, मान आणि पोट झाकणारी. मच्छरदाणीची साधी जाळी चालत नाही, भोकं मोठी असतात. कापड घेताना खसखस नेऊन बघा, दाणा आरपार पडला तर चिलटही जाईल.

---

माळावरची_पागा

आठ दिवसांनी: पाठीवर नवीन खपल्या नाहीत, जुन्या जागी बारीक केस येताहेत. शेपटाची जखम कोरडी झाली. पंखा लावल्यापासून रात्रीचं खांबाला घासणं बरंच कमी, पण पहाटे अजून घासते. बेंझिल बेंझोएट आता सुरू करू का?

---

डॉ_घोडेगाठ

आयाळीवर करा, आधी ४८ तासांची चाचणी. शेपटाला अजून आठवडाभर थांबा, खपली पडून खाली कोरडी कातडी दिसू दे. पहाटेचं म्हणाल तर पंखा किती वाजता बंद होतो ते बघा. रात्री वीज जाते का तिकडे?

---

माळावरची_पागा

जाते. चार ते सहा, जवळपास रोज. इन्व्हर्टरवर घेतो.