मदत हवी आहे : एन्कोडरमधील ब्लॉक-तुलनेच्या पेटंटला मानकाची बंधने लागू होतात का?

नमस्कार. मी व्हिडिओ एन्कोडरचे, म्हणजे व्हिडिओ संकुचित करणाऱ्या यंत्रणेचे, काम करतो. मायक्रोसॉफ्ट आणि मोटोरोला यांच्यातील, पेटंटांच्या रॉयल्टीवरील अमेरिकी खटल्याचे निकाल वाचताना एका मुद्द्यावर अडलो आहे. पेटंट कायद्याच्या जाणकारांनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

आधी तांत्रिक बाजू सांगतो. इंटरलेस्ड चित्रणात एकाच फ्रेममधील सम आणि विषम ओळी वेगवेगळ्या क्षणी टिपलेल्या असतात. पाल या टीव्ही प्रसारण पद्धतीत हे अंतर १/५० सेकंदाचे असते. त्यामुळे हलत्या वस्तूची कड कंगव्याच्या दातांसारखी दिसते आणि चित्राचा तो तुकडा (ब्लॉक) आहे तसा संकुचित केल्यास बिट वाया जातात. म्हणून एमपेग-२ या व्हिडिओ संकोचनाच्या मानकात १६×१६ पिक्सेलच्या प्रत्येक मॅक्रोब्लॉकसाठी (चौकोनी तुकड्यासाठी), तर एच.२६४ या मानकात अशा दोन तुकड्यांच्या १६×३२ च्या उभ्या जोडीसाठी, फ्रेम (ओळी मूळ क्रमाने) किंवा फील्ड (सम-विषम ओळी वेगळ्या) यांपैकी एक प्रकार निवडता येतो. निवडीची एक रूढ रीत अशी, की लगतच्या ओळींमधील फरकांची बेरीज एकदा ओळींच्या मूळ क्रमाने आणि एकदा सम-विषम ओळी वेगळ्या करून काढायची व जी बेरीज कमी भरेल तो प्रकार घ्यायचा. मात्र मानक केवळ बिटस्ट्रीमची (संकुचित डेटाची) रचना आणि तो उलगडणाऱ्या डीकोडरचे वर्तन ठरवते. ही तुलना कशी करावी, याबाबत ते काहीही बंधनकारक करत नाही.

मोटोरोलाने २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टकडे उत्पादनाच्या किमतीच्या २.२५ टक्के रॉयल्टी मागितली होती. सिएटलचे न्यायाधीश जेम्स रोबार्ट यांनी एप्रिल २०१३ मध्ये एच.२६४ च्या पेटंटांसाठी एक्सबॉक्समागे ०.५५५ सेंट एवढाच दर ठरवला, कारण त्यांतील बहुतेक पेटंटे इंटरलेस्ड चित्रणापुरतीच होती आणि मायक्रोसॉफ्टच्या उत्पादनांत त्याचे महत्त्व फारच थोडे होते. (इंटरलेस्डचा इतका स्पष्ट हिशेब न्यायालयात झालेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.) त्याआधी फेब्रुवारीत, ‘डीकोड करण्याचे साधन’ अशा भाषेतील १३ दावे, वर्णनात त्यासाठी पुरेशी अल्गोरिदम दिलेली नाही म्हणून, त्यांनी संदिग्ध ठरवून रद्द केले होते.

हा दर पेटंटधारकाने मानक-संस्थेला दिलेल्या वाजवी परवान्याच्या वचनावर आधारित आहे आणि ते वचन मानकासाठी अपरिहार्य असलेल्या पेटंटांपुरतेच असते. मग एखाद्याकडे फक्त तुलनेच्या रीतीचे पेटंट असेल, तर ते अपरिहार्य नसल्यामुळे तो मनमानी दर मागू शकतो किंवा परवाना साफ नाकारू शकतो, असा अर्थ घ्यावा का? शिवाय बिटस्ट्रीमवरून कोणता प्रकार निवडला एवढेच कळते, तो कोणत्या तुलनेने निवडला हे कळत नाही. तेव्हा सोर्स कोड हाती येण्यापूर्वी उल्लंघनाचा दावा दाखल करण्यासाठी अमेरिकी न्यायालयांत किती पुरावा लागतो? आणि भारतात १९७० च्या पेटंट कायद्याचे कलम ३(के) अल्गोरिदमला पेटंट नाकारते, ते अशा निव्वळ बेरजेच्या तुलनेला लागू पडते की एन्कोडर यंत्राचा भाग म्हणून दावा मांडल्यास त्यातून पळवाट निघते?