घरात मांजर, आणि महालक्ष्म्या (गौरी) बसणार आहेत. सजावट कशी करावी?

त्रिमूर्तीनगर_मनी
मारबत (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची आमच्या नागपूरची मिरवणूक) झाली, आता मखराची तयारी. गणपती दहा दिवस, मधले तीन दिवस महालक्ष्म्या. मांजर अकरा महिन्यांची आहे, ऑपरेशन झालेली, बाहेर न जाणारी. हॉल 10 बाय 14 चा, खिडकीत कूलर अजून तसाच. गणपतीची मूर्ती चितारओळीची (मूर्तिकारांची गल्ली), मातीची, दीड फुटाची. आत्तापासूनच झालरीवर झडप घालून राहिली आहे ती. दहाही दिवस कोंडून ठेवायचं जिवावर येतं. यात खरा धोका कशाचा? आणि मखराभोवती फिनाइल मारलं किंवा डांबर गोळ्या ठेवल्या तर चालेल का?

धरमपेठ_मांजरवाली
ताई, फिनाइल आणि गोळ्या अजिबात नको. फिनॉलच्या जातीची द्रव्यं पचवून बाहेर टाकायची ताकद मांजराच्या यकृतात फार कमी असते. फरशीवरचं फिनाइल पंजाला लागतं, पंजा ती चाटते, झालं. डांबर गोळी आणि कापूरही विषारीच. महालक्ष्म्यांच्या साड्या पेटीतून निघतात तेव्हा त्यांच्यासोबत गोळ्या निघतात आणि पलंगाखाली घरंगळतात. पेटी गच्चीवर उघडा, साड्या झटकून, वारा देऊनच आत आणा. मखराच्या कडेला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावा. पंजाला चिकटलेलं मांजरांना आवडत नाही, तेवढं पुरतं.

खरा धोका धाग्याचा. जरीची झालर, चमकीच्या माळा, गजऱ्याचा दोरा, कापसाच्या वस्त्रांचा पीळ. मांजराच्या जिभेवरचे काटे घशाच्या दिशेला वळलेले असतात, त्यामुळे तोंडात गेलेला दोरा तिला थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. त्याचं एक टोक जिभेखाली किंवा जठराच्या खालच्या तोंडाशी अडकतं, उरलेला आतड्यात उतरतो. आतडं तो पुढे ढकलायला बघतं आणि नाड्यासारखं चुण्या पडून गोळा होतं. ताणलेला दोरा मग आतड्याला कापतो. म्हणून तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, ओकारीही काढू नका. थेट डॉक्टर. वारंवार उलटी, जेवण बंद, कोपऱ्यात दडून बसणं, एवढ्यावरूनच शंका घ्यायची.

दुर्वांची जुडी लोकांच्या ध्यानात येत नाही. मांजराला गवत आवडतं, दुर्वा ती हमखास खाते. दुर्वांनी काही बिघडत नाही, पण जुडी बांधलेला दोरा सोबत जातो. दुर्वाच्याच काडीने बांधा. झालरीऐवजी कापडी पडदा, कडा शिवलेला. टाचण्या मोजून लावा, मोजूनच काढा.

आता चढण्याचं. मोठं मांजर उभ्या जागेवरून पाच फूट सहज उडी मारतं. कूलर आणि सोफ्याची पाठ या तिच्या पायऱ्या आहेत, त्यांच्यापासून मखर पाच-सहा फूट लांब, कोपऱ्यात घ्या. समोरच्या भिंतीला मखराहून उंच कपाटावर तिची गादी टाका आणि दहा दिवस जेवण तिथेच द्या. उंच जागा नुसती हिरावून घेतली तर ती मखरच शोधेल. महालक्ष्म्यांचा मुखवटा वर, वजन वर. कोठीत (मुखवट्याखालचं पोकळ धड) तळाशी 5 किलो वाळूची पिशवी, आणि स्टँडच्या मानेपासून भिंतीच्या हुकाला पक्की दोरी, साडीच्या आतून. पदर जमिनीवर लोळता ठेवू नका, त्याला लोंबकळूनच स्टँड पडतो.

इतवारी_वायरमन
लायटिंगचं सांगतो. स्वस्त माळा थेट 230 व्होल्टवर चालतात आणि त्यांची वायर सुतळीएवढी बारीक असते. दात लागला की संपलं. अडॅप्टरवर चालणारी 5 किंवा 12 व्होल्टची एलईडी माळ घ्या. अडॅप्टर आणि एक्स्टेन्शन बोर्ड मखराच्या मागे भिंतीवर, जमिनीवर नाही. खाली येणारी वायर अर्ध्या इंची पीव्हीसी केसिंगमधून काढा. त्या लाइनला 30 मिलिअँपियरची आरसीसीबी (करंट गळाला की लाइन तोडणारा स्विच) हवी. साधी एमसीबी शॉक लागला तरी पडत नाही, ती ओव्हरलोड आणि शॉर्टसाठी असते. झोपताना बटण बंद.

वायर चावलीच तर आधी मेन बंद, मग मांजराला हात. तोंडाचे कोपरे भाजलेले दिसतात, पण फुप्फुसात पाणी काही तासांनीही भरू शकतं. ती खेळत असली तरी दाखवून आणाच.

सेमिनरीहिल्स_पशुवैद्यक
फुलांचं. बर्डीच्या (सीताबर्डी) फुलबाजारात बुकेसाठी मोठी लिली मिळते, ती घरात नकोच. पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणी, यातलं थोडंसं पोटात गेलं तरी एक ते तीन दिवसांत मांजराची किडनी बंद पडते. पराग अंगावर पडून चाटला गेला तरी तेच. सलाइन 18 तासांच्या आत सुरू झालं तर वाचायची आशा चांगली, म्हणून लक्षणांची वाट बघायची नाही. गुलाब चालतो. शेवंतीने उलट्या होतात.

पत्रीची जुडी मात्र नीट बघा. एकवीस पत्रींत धोतरा, कण्हेर आणि रुई असतात, तिन्ही विषारी. कण्हेर थेट हृदयावर जातं. पत्री पूजेला वाहा, आरती झाली की झाकणाच्या डब्यात भरा. निर्माल्याची उघडी टोपली ठेवू नका.

समईतली तुपाची वात तुपाच्या वासाने ओढून खाल्ली जाते. काचेची चिमणी असलेला दिवा लावा. नैवेद्यात मनुका, जायफळ तिच्या तोंडी नको.

नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याची आणि जवळच्या खासगी दवाखान्याची सुट्यांतली वेळ आत्ताच विचारून ठेवा.

त्रिमूर्तीनगर_मनी
लिली आणि फिनाइल बाद. महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी तीस-चाळीस पानं उठतात, दार दिवसभर उघडं. तेव्हा?

धरमपेठ_मांजरवाली
तेवढा दिवस आणि विसर्जनाची संध्याकाळ बंद खोलीतच ठेवा. खोलीत मातीचा ट्रे, पाणी, तिची गादी, पंखा चालू, दाराला बाहेरून कडी आणि «उघडू नका» अशी चिठ्ठी. सकाळी पंधरा मिनिटं दमेस्तोवर खेळवा, मग पोटभर खाऊ घाला, दुपार झोपेत जाईल. ढोल-ताशा जवळ आला की खिडकी लावून घ्या. बाकीचे दिवस तुम्ही जाग्या असताना हॉल मोकळा, रात्री हॉलचं दार बंद.

इतवारी_वायरमन
खोलीत इस्त्री, चार्जर भिंतीला लावून ठेवू नका.