उत्तर: "कुणाला सांगितलंस का?" एवढ्याने मोजमाप होत नाही

वर एकाने म्हटलंय की मुलं ऑनलाइन त्रासाला कसं तोंड देतात हे शोधणाऱ्या शाळेच्या पाहणीत "ऑनलाइन त्रास झाल्यावर कुणाला सांगितलंस का?" हा एकच प्रश्न पुरेल. मला हे पटत नाही. मी देवगडकडच्या एका हायस्कुलात शिकवते.

सांगणं हा तोंड देण्याच्या अनेक मार्गांपैकी एक. २०१५ साली आलेल्या, स्टिका आणि सहकारी या संशोधकांच्या याच विषयावरच्या प्रश्नावलीत जवळच्यांचा आधार वेगळा मोजतात आणि शिक्षक-पोलिसांसारख्या लांबच्यांचा सल्ला वेगळा. शिवाय त्यात आहेत ठामपणे सुनावणं, मुद्दाम दुर्लक्ष, सूड, ब्लॉक करण्यासारखे तांत्रिक उपाय, आणि हतबल होऊन स्वतःलाच दोष देणं. हे शेवटचं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण अशी मुलं वर्गात शहाण्यासारखी गप्प बसतात आणि आपल्या नजरेतून सुटतात.

ती प्रश्नावली आपल्याकडे आणायची तर नुसतं भाषांतर चालणार नाही. इथे त्रास देणारा बहुधा वाडीतलाच, सकाळी त्याच एसटीत शेजारी बसलेला. त्याला ब्लॉक करून काय होणार? वडील मासेमारीला गेलेले, आई काजूच्या कारखान्यात, मोबाईल घरात एकच. "सांगितलं तर मोबाईल काढून घेतील" ही भीती मी कितीदा ऐकलीय! म्हणून काय केलंस याच्या जोडीला त्याने त्रास थांबला का, हेही विचारा.

आणि कृपा करून नाव न लिहिता भरू द्या, बाकं लांब ठेवून. पहिल्याच पानावर १०९८ (मुलांसाठी) आणि १९३० (सायबर गुन्ह्यांसाठी) हे हेल्पलाइन क्रमांक छापा. प्रश्न वाचतानाच एखादीला रडू फुटतं, तेव्हा जवळ बसायला कुणीतरी ठरवून ठेवा.