रायफलची जुनी बॅरल दुरुस्त करून घ्यावी की नवी मागवावी? तातडीने मदत हवी आहे

रंकाळाकाठ
नमस्कार. गेल्या वर्षी एका ज्येष्ठ नेमबाजांकडून वापरलेली रायफल घेतली आणि ती रीतसर परवान्यावर चढवली. सुरुवातीला तक्रारीला जागा नव्हती, परंतु या मोसमात गोळ्या पसरू लागल्या आहेत. टेकूवरून मारल्या तरी बहुतेक गोळ्या एका भोकात आणि एखाद-दुसरी भलतीकडे, असा प्रकार चालला आहे. एक कारागीर म्हणतात की बॅरल तोंडाकडून थोडी कापून नवा क्राउन (तोंडाची कड) केला की काम होईल. दुसरे म्हणतात की बॅरल संपली, नवी मागवा. राज्य स्पर्धा जवळ आली आहे. 'आधी साफ करून पाहा' हा सल्ला कृपया नको, ते मी करतोच. ज्यांनी प्रत्यक्ष काम करून घेतले आहे त्यांनीच सांगावे.

ऍरिझोनाकर
विचार करू नका, नवी घ्या. माझ्या .३०८ रायफलची बॅरल मी एकदा मागून कापून, पुन्हा आटे पाडून, नवे चेंबर (काडतूस बसते ती मागची जागा) करून घेतली. मजुरीच इतकी झाली की त्यात थोडी भर घातली असती तर नवी बॅरल आली असती. स्पर्धेच्या दर्जाची अचूकता साधारण चार-पाच हजार फैरींनंतर उतरते, कारण चेंबरच्या पुढचा भाग जळून खडबडीत होतो. जुन्यावर खर्च करण्यात अर्थ नाही.

बालेवाडी_लेन
ऍरिझोनाकर, प्रश्नकर्त्यांनी कॅलिबर, म्हणजे गोळीचे माप, लिहिलेलेच नाही, त्याआधीच आपण निकाल दिलात. रंकाळाकाठ, रायफल कोणती, अंतर किती, दारूगोळा कोणता आणि त्याचा लॉट (एकत्र बनलेली खेप) बदलला का, एवढे आधी सांगा. भरकटलेल्या गोळ्या वर-खाली जातात की आडव्या, हेही सांगा. त्याशिवाय कोणी काही सांगत असेल तर तो अंदाज आहे.

रंकाळाकाठ
राज्य स्पर्धा म्हटल्यावर ५० मीटर आणि .२२ हे वेगळे सांगावे लागेल असे वाटले नव्हते. दारूगोळा पूर्वीचाच आहे. माझा प्रश्न दारूगोळ्याबद्दल नाही, बॅरलबद्दल आहे.

जुना_खराद
.२२ असेल तर ऍरिझोनाकरांचा अनुभव येथे जवळजवळ लागू पडत नाही. .३०८ च्या काडतुसात चाळीसहून अधिक ग्रेन (वजनाचे लहान माप) दारू जळते आणि दाब ६२,००० पीएसआयपर्यंत (पौंड प्रति चौरस इंच) जाऊ शकतो; .२२ लाँग रायफलमध्ये दारू जेमतेम एक-दोन ग्रेन आणि दाबाची कमाल मर्यादा २४,००० पीएसआय. त्यातून गोळी मऊ शिशाची. अशी बॅरल गोळीमुळे झिजत नाही, ती बिघडते ती दोन ठिकाणी: चेंबरच्या लगेच पुढे, जेथे प्रायमरचा (काडतूस पेटवणाऱ्या रसायनाचा) अवशेष आणि काजळी जमून कडक कडे तयार होते व त्याखालचे पोलाद हळूहळू खाल्ले जाते, आणि तोंडाशी, जेथे बहुतेक वेळा वाईट पद्धतीने फिरवलेली सफाईची सळई दोषी असते.

म्हणून तोंडाकडून कापण्याचा सल्ला मला धोक्याचा वाटतो. अनेक मॅच बॅरलींच्या तोंडाशी आतला व्यास मुद्दाम केसभर आवळलेला असतो, त्याला आपण चोक म्हणतो. काही सेंटिमीटर कापले की तो गेला आणि गेलेला चोक परत येत नाही. क्राउनवर ओरखडा असेल तर तेथला अगदी पातळ थर खरादावर घेणे वेगळे आणि तुकडा कापून टाकणे वेगळे. चेंबरपुढचे पोलाद खाल्ले गेले असेल तर मात्र मागून कापून नवे चेंबर करणे हाच इलाज, आणि .२२ मध्ये तो चांगला लागू पडतो, कारण उरलेली बॅरल सहसा निरोगी असते.

ऍरिझोनाकर
मान्य, .२२ चे गणित वेगळे आहे. तरीही इकडे अमेरिकेत अनेक जण नव्या बॅरलने सुखी झालेले मी पाहिले आहेत.

जुना_खराद
येथे भारतात नवी बॅरल कुरिअरने दारात येत नाही, साहेब.

कलम_सहा
हाच मुद्दा लिहायला आलो. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात 'शस्त्र' या व्याख्येत त्याचे भागही येतात, त्यामुळे सुटी बॅरल परदेशातून आणायची तर आयातीचा परवाना लागतो. दुरुस्तीलाही कलम ५ लागू होते, म्हणजे ती परवानाधारक कारागिराकडेच झाली पाहिजे. शिवाय अग्निशस्त्राची नळी आखूड करण्यासाठी कलम ६ खाली स्वतंत्र परवाना लागतो. तोंडाकडून असो वा मागून, लांबी कमी होणारच असेल तर परवाना देणाऱ्या कार्यालयाला आधी लेखी विचारावे आणि उत्तर लेखीच घ्यावे. 'एवढ्याने काय होते' म्हणणाऱ्या कारागिराच्या हाती रायफल देऊ नये.

आईची_धावपळ
स्वप्निल कुसाळे यांना २०२४ मध्ये पॅरिसला पदक मिळाल्यापासून माझ्या मुलीने नेमबाजीचा हट्ट धरला आहे. १० मीटरसाठी वापरलेली एअर रायफल घ्यावी का? तिलाही बॅरलचा हा त्रास होतो का?

बालेवाडी_लेन
ताई, एअर रायफलमध्ये दारूच नसते, त्यामुळे तेथे प्रश्न बॅरलपेक्षा सिलिंडरच्या मुदतीचा आणि सीलचा असतो. कृपया वेगळा धागा काढा, सविस्तर लिहीन.

रंकाळाकाठ, दारूगोळा 'पूर्वीचाच' म्हणजे तोच ब्रँड की तोच लॉट? हे दोन निराळे प्रश्न आहेत. दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे आणि गोळी सुमारे ५.६ मिलिमीटरची, एवढ्याशा जागेत लॉट बदलल्याचा फरक सहज दिसतो. गोळ्या वर-खाली पसरत असतील तर वेग कमी-जास्त होतो आहे, म्हणजे आधी संशय काडतुसांवर. दिशेला ताळमेळ नसेल तर क्राउन आणि स्टॉकचे (रायफलच्या दस्त्याचे) स्क्रू पाहावेत. सैल स्क्रूमुळे चांगली बॅरल बदलायला निघालेले लोक माझ्या पाहण्यात आहेत.

रंकाळाकाठ
ब्रँड तोच, लॉट नवा. भरकटलेल्या गोळ्या बहुतेक वर किंवा खाली जातात. स्क्रू टॉर्क रेंचने तपासले, ठीक आहेत. क्लबातल्या एकाने बोअरस्कोप (बॅरलच्या आत पाहण्याचे यंत्र) आणला होता. तोंड स्वच्छ आहे, क्राउनवर ओरखडा नाही. चेंबरच्या पुढे मात्र काळसर कडे दिसते, खालच्या बाजूला जास्त जाड. मी पुल-थ्रूने (सफाईच्या दोरीने) फेल्ट, म्हणजे लोकरी बोळा, ओढतो, त्याने ते जात नाही.

जुना_खराद
ही माहिती पहिल्याच दिवशी हवी होती. फेल्ट त्या कड्यावरून नुसता घसरतो. बोअर गाइड (सळई सरळ ठेवणारी नळी) लावून, चेंबरच्या बाजूने, काजळी विरघळवणारे द्रावण थोडा वेळ राहू द्या आणि मग कांस्याचा ब्रश तेवढ्याच भागात फिरवा. घासणारी पेस्ट वापरू नका. नंतर पुन्हा बोअरस्कोप घाला. खाली चकचकीत पोलाद दिसले तर बॅरलला काहीही करू नका. मगरीच्या पाठीसारखे खवले दिसले तर मागून नवे चेंबर, तेही कलम_सहा म्हणतात तो कागद हाती आल्यावर आणि स्पर्धा आटोपल्यावर. क्राउन निर्दोष असताना तोंडाला हात लावू देऊ नका.

बालेवाडी_लेन
आणि हे करण्याआधी जुन्या लॉटची एखादी पेटी कोणाकडे उरली आहे का ते पाहा. एकाच दिवशी, एकाच टेकूवरून दोन्ही लॉट मारून तुलना करा.

रंकाळाकाठ
जुन्या लॉटची अर्धी पेटी सांगलीच्या एका मित्राकडे आहे, रविवारी मारून पाहतो. हे कडे पुढच्या वर्षीपर्यंत असेच ठेवले तर नुकसान वाढते का, एवढे कोणी सांगेल का?

जुना_खराद
वाढते. ब्रश आजच आणा.